मनगटाचं हाड बसवलं, पण ते बसून राहील का?

मनगटाच्या फ्रॅक्चरबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत प्रश्न एकच होता: हाड नीट बसवल्यावर ते पुन्हा सरकणार की नाही, हे आधी सांगता येतं का? सारखी पत्रं एकत्र करून, अस्थिरोग आणि हाताच्या शस्त्रक्रियेचं काम करणाऱ्या डॉक्टरांची उत्तरं इथे देत आहोत. डॉक्टर-वाचकांचे प्रश्नही यात आहेत. त्यांची उत्तरं थोडी तांत्रिक आहेत, पण रुग्णाच्या घरच्यांनीही ती वाचायला हरकत नाही.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. घरात घसरून पडली आणि मनगट मोडलं. हाड बसवून प्लास्टर घातलं. नंतरचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, 'उत्तम बसलंय', आणि लगेच म्हणाले, 'पण दर आठवड्याला एक्स-रे काढू, सरकू शकतं.' उत्तम बसलं असेल तर सरकेल कशाला?

उत्तर : डॉक्टरांच्या दोन्ही बोलण्यांत विसंगती नाही. बसवल्यानंतरच्या एक्स-रेत हाड आज कुठे आहे ते दिसतं. ते तिथे कशाच्या आधारावर टिकलंय, हे त्यात नीट कळत नाही. त्यासाठी बसवण्याआधीचा, वाकड्या मनगटाचा एक्स-रे पुन्हा बघावा लागतो.

अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला रेडियस म्हणतात. मनगटाच्या सांध्यालगतच्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये त्याची बाहेरची घट्ट कवची पातळ होते आणि आतला भाग जाळीदार असतो. तळहात टेकून पडल्यावर सांध्याकडचा तुकडा हाताच्या पाठीकडे कलतो. तळहाताच्या बाजूची कवची ताणून फाटते आणि पाठीच्या बाजूची चेपून तिचा चुरा होतो. थर्माकोलचा ठोकळा एका बाजूनं चेपून पुन्हा ओढून मूळ उंचीला आणला, तर बाहेरून आकार ठीक दिसतो पण आत पोकळी राहते. हाड बसवताना नेमकं तेच होतं. कोन सुधारतो, लांबी परत येते आणि चेपलेल्या जाळीच्या जागी रिकामी फट उरते.

त्या फटीवर भार सतत येत राहतो. बोटं आणि मनगट हलवणारे बहुतेक स्नायू कोपराजवळून निघून मोडलेली जागा ओलांडून पुढे जातात. हात झोळीत असला तरी त्यांचा ताण चालूच असतो. शिवाय सूज उतरली की प्लास्टर सैल पडतं. त्यामुळे तुकडा हळूहळू पुन्हा पाठीकडे कलतो आणि रेडियस आखूड होतो. आधी किती सरकलं होतं, साधारण तिकडेच परत जाण्याचा त्याचा कल असतो. हे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत घडतं, काहींमध्ये तिसऱ्यात. दर आठवड्याच्या एक्स-रेचं कारण हेच. सरकणं लवकर दिसलं तर पर्याय हातात असतात. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढताना दिसलं तर हाड वाकडंच जुळलेलं असतं.

प्रश्न : मी अस्थिरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. लाफोंतेनचे निकष पाठ आहेत, पण त्यांवर विसंबून सांगितलेला अंदाज बऱ्याचदा चुकतो. रात्री पाळीवर एक्स-रे समोर असताना नेमकं काय बघावं?

उत्तर : आधी इतर वाचकांसाठी: लाफोंतेन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अस्थिरतेची पाच लक्षणं मांडली. पाठीकडे २० अंशांहून जास्त कल, पाठीकडच्या कवचीचा चुरा, सांध्याच्या पृष्ठभागात गेलेली मोड, सोबत अल्नाचं, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडाचं, फ्रॅक्चर आणि ६० पेक्षा जास्त वय. यांपैकी तीन किंवा अधिक असतील तर बसवलेलं हाड प्लास्टरमध्ये टिकणं अवघड, असा त्याचा अर्थ.

अडचण अशी की या यादीत पाचही गोष्टी एकाच वजनाच्या धरल्या आहेत आणि प्रत्यक्षात तसं नाही. नंतरच्या अभ्यासांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा ठळकपणे पुढे आल्या: वय आणि पाठीकडचा चुरा. एडिंबरामध्ये सुमारे ४,००० फ्रॅक्चरचा मागोवा घेऊन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वय, चुरा आणि अल्नाच्या तुलनेत रेडियसचं आखूडपण, हे तीन सर्वांत सातत्यानं उपयोगी पडणारे निर्देशक ठरले. सांध्यात गेलेली मोड आणि अल्नाचं फ्रॅक्चर यांचा आधार त्यामानानं कच्चा आहे. सांध्यात मोड असली तर सांध्याच्या पृष्ठभागाची काळजी करायची असते, पण ती हाड सरकण्याची खात्रीशीर खूण नव्हे.

पहिल्यांदा बसवण्याआधीचा बाजूचा एक्स-रे घ्या. रेडियसच्या मधोमध लांबीच्या दिशेनं एक रेघ कल्पा. चुरा पाठीच्या कवचीपुरताच आहे की रेघ ओलांडून तळहाताच्या बाजूला गेला आहे? रेघ ओलांडली असेल तर बसवल्यावर आधाराला फारसं काही उरत नाही. मग समोरचा एक्स-रे. रेडियस आणि अल्ना यांच्या सांध्याकडच्या कडांच्या उंचीत किती फरक आहे ते मोजा. शक्य असेल तर दुसऱ्या मनगटाशी ताडून बघा, कारण काही लोकांची अल्ना मुळातच एक-दोन मिलिमीटर लांब असते.

त्यानंतर बसवल्यानंतरच्या बाजूच्या एक्स-रेत तळहाताकडची कवची तपासा. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. वरच्या आणि खालच्या तुकड्याच्या कडा एकमेकींना टेकल्या आहेत का? खालच्या तुकड्याची कड वरच्या कडेवर टेकलेली किंवा किंचित तळहाताकडे असेल तर तो बिजागरीसारखा आधार देतो आणि लांबी टिकते. ती कड वरच्या हाडाच्या पोकळीत शिरलेली असेल तर कोन कितीही देखणा आलेला असला तरी हाड आखूड होणार हे धरून चला. कोन सुधारला म्हणून समाधान मानून रुग्णाला घरी पाठवलं जातं, आणि आठवड्यानं तीन मिलिमीटर आखूडपण दिसतं, ते बहुतेक अशाच रुग्णांत.

दोन उदाहरणं घ्या. पहिला रुग्ण ४५ वर्षांचा. पाठीकडे ३० अंश कल, पण कवची एका रेषेत तुटलेली, चुरा नाही. दुसरी रुग्ण ७४ वर्षांची. कल फक्त ८ अंश, पण पाठीकडे चुरा आणि ३ मिलिमीटर आखूडपण. पहिला एक्स-रे बघून छातीत धस्स होतं, दुसऱ्याकडे कोणी दोनदा बघत नाही. सरकण्याची शक्यता मात्र दुसरीत जास्त. नीट बसवलेलं पहिलं हाड बऱ्याचदा टिकतं.

प्रश्न : वय आणि मोजमापं भरली की 'अस्थिरतेची शक्यता इतके टक्के' असं उत्तर देणारी सूत्रं आहेत. ती वापरावीत का?

उत्तर : वापरा, पण ती काय सांगतात ते समजून. सूत्र म्हणतं ७० टक्के, म्हणजे अशाच शंभर लोकांपैकी साधारण सत्तर जणांचं हाड सरकलं. समोरचा रुग्ण त्या सत्तरांतला की तीसांतला, हे सूत्राला कळत नाही. प्लास्टर कसं घातलं आहे, तळहाताची कवची टेकली आहे का, हेही बहुतेक सूत्रांत नसतं. त्यांचा खरा फायदा संभाषणाला होतो. पहिल्याच दिवशी 'हे सरकण्याची शक्यता जास्त आहे, दहाव्या दिवशी कदाचित शस्त्रक्रियेचं ठरवावं लागेल' असं सांगून ठेवलेल्या कुटुंबाला नंतर धक्का बसत नाही.

प्रश्न : एकाच एक्स-रेवर एका डॉक्टरांनी कल ५ अंश सांगितला, दुसऱ्यांनी १२. कोणाचं खरं? आणि किती अंशांपर्यंत चालतं?

उत्तर : निरोगी मनगटात बाजूनं पाहिलं तर रेडियसचा सांध्याचा पृष्ठभाग तळहाताकडे सरासरी ११ अंश झुकलेला असतो. समोरून पाहिलं तर तो करंगळीकडे २२-२३ अंश उतरता असतो आणि अंगठ्याकडचं टोक ११-१२ मिलिमीटर उंच असतं. अल्ना आणि रेडियस साधारण एका पातळीत असतात.

हाड बसवल्यावर पाठीकडे १० अंशांहून जास्त कल, ३ मिलिमीटरहून जास्त आखूडपण किंवा सांध्याच्या पृष्ठभागात २ मिलिमीटरहून मोठी पायरी राहिली, तर कामकाज करणाऱ्या, ६५ च्या आतल्या माणसात शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. हे आकडे काटेकोर सीमारेषा नाहीत. ९ अंश आणि ११ अंश यांत मनगटाला फरक कळत नाही.

मोजणाऱ्यांत तफावत येते ती बऱ्याचदा एक्स-रेमुळे. हात थोडा फिरवून काढलेला बाजूचा एक्स-रे कल कमी-जास्त दाखवतो. नीट बाजूच्या एक्स-रेत मनगटातलं वाटाण्याएवढं पिसिफॉर्म हाड अंगठ्याकडच्या स्कॅफॉइड हाडाच्या खालच्या टोकावर आलेलं दिसतं. ते तसं नसेल तर कोन मोजण्याआधी एक्स-रे पुन्हा मागवलेला बरा. आखूडपणाचंही तसंच आहे. तळहात जमिनीकडे वळवून किंवा मूठ आवळून काढलेल्या एक्स-रेत अल्ना लांब दिसते. म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याचे एक्स-रे एकाच स्थितीत काढायला हवेत. खांदा आणि कोपर काटकोनात ठेवून, हात न फिरवता समोरचा एक्स-रे काढणं उत्तम. ते शक्य नसेल तर निदान प्रत्येक वेळी सारखी स्थिती ठेवावी.

आणखी एक बघण्यासारखं आहे. बाजूच्या एक्स-रेत रेडियसच्या मध्यातून एक रेघ काढा आणि मनगटाच्या मधल्या कॅपिटेट हाडाच्या मध्यातून दुसरी. त्या मनगटाच्या छोट्या हाडांच्या आतच एकमेकींना छेदल्या पाहिजेत. बाहेर छेदल्या तर रेडियसच्या कलामुळे मनगटाची मांडणीच बिघडली आहे असं समजावं. नंतरच्या दुखण्याशी आणि कमजोर पकडीशी याचा संबंध जवळचा आहे.

आखूडपणाला इतकं महत्त्व का, असं विचारणाऱ्यांसाठी: अल्ना आणि रेडियस समपातळीत असताना मनगटावरचा सुमारे ८० टक्के भार रेडियस पेलतो. अल्ना २.५ मिलिमीटर लांब झाली की तिच्याकडचा भार २० टक्क्यांच्या आसपासवरून ४० टक्क्यांवर जातो, असं प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. करंगळीकडच्या बाजूचं चिवट दुखणं त्यातूनच येतं.

प्रश्न : सीटी स्कॅन प्रत्येकाला करावा का?

उत्तर : नाही. मोड सांध्यात गेली असेल आणि पायरीचा अंदाज साध्या एक्स-रेवर येत नसेल, किंवा शस्त्रक्रिया ठरली असून तुकड्यांचा नकाशा हवा असेल, तेव्हा. रेडियसच्या तळहाताकडच्या कडेवर, मनगटातल्या ल्युनेट या छोट्या हाडाला आधार देणारा, एक छोटा तुकडा असतो. तो साध्या एक्स-रेत सुटतो. प्लेटनं तो नीट पकडला गेला नाही तर अख्खं मनगट तळहाताकडे निसटतं. तो शोधायला सीटी फार उपयोगी पडतो.

प्रश्न : भावाचं मनगट मोडलं तेव्हा तुकडा पाठीकडे नव्हे, तळहाताकडे सरकला होता. डॉक्टरांनी प्लास्टरचा विचारही न करता शस्त्रक्रिया सांगितली. घाई केली का?

उत्तर : बहुधा नाही. तळहाताकडे सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये मोडीची रेघ तिरकी असते आणि बोटं वळवणाऱ्या ताकदवान स्नायूंचा ओढा त्याच दिशेला असतो. त्यातही सांध्याची तळहाताकडची कड कापल्यासारखी वेगळी झाली असेल, त्याला बार्टन प्रकार म्हणतात, तर प्लास्टरमध्ये ती जागेवर राहत नाही. इथे अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही, फ्रॅक्चरचा आकारच उत्तर देतो.

प्रश्न : प्लास्टर घट्ट असलं की हाड सरकत नाही असं ऐकलं. मग डॉक्टर आधी अर्धंच प्लास्टर का घालतात? नंतर पूर्ण घातलेलं तरी पुरेसं आहे हे कसं ओळखावं?

उत्तर : घट्टपणा आणि चांगली घडण यांत फरक आहे. घट्ट प्लास्टर रक्तप्रवाह अडवतं, हाड धरून ठेवत नाही. हाड धरलं जातं ते तीन ठिकाणच्या दाबानं: मोडीच्या खाली पाठीकडून, मोडीच्या वर तळहाताकडून आणि वर कोपराकडे पुन्हा पाठीकडून. यामुळे पाठीकडचं न फाटलेलं मऊ आवरण ताणात राहतं आणि तुकडा मागे कलू शकत नाही. प्लास्टर ओलं असतानाच तळव्यानं हा आकार द्यावा लागतो. बोटांच्या टोकांनी दाबलं तर आत खड्डे पडतात आणि त्वचेवर जखमा होतात.

घडण बरोबर आहे का, याची एक ढोबळ तपासणी एक्स-रेवर करता येते. मोडीच्या पातळीवर प्लास्टरची आतली रुंदी बाजूच्या एक्स-रेत मोजा आणि तिला समोरच्या एक्स-रेतल्या आतल्या रुंदीनं भागा. उत्तर ०.८ किंवा त्याहून कमी यावं. म्हणजे प्लास्टर हातासारखं चपटं-लंबगोल हवं. गोल नळीसारखं असेल तर आत हात फिरायला जागा आहे. हे गुणोत्तर मुळात लहान मुलांच्या फ्रॅक्चरसाठी वापरात आलं, तरी मोठ्यांच्या प्लास्टरची घडण पाहतानाही तत्त्व तेच. कापसाचे थर दोन-तीनच ठेवावेत. 'टोचू नये म्हणून' सहा थर गुंडाळले तर सूज उतरताच आत मोकळी जागा होते.

सुरुवातीला अर्धं प्लास्टर, म्हणजे स्लॅब, घालतात ते सुजेसाठी. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढते आणि पूर्ण बंद प्लास्टरला फुगायला जागा नसते. आठवड्याच्या आसपास सूज उतरल्यावर स्लॅबचं पूर्ण प्लास्टर करतात. इथे एक चूक वारंवार होते. स्लॅब सैल झालेला दिसत असताना नुसती वरून पट्टी गुंडाळली जाते. त्यानं सैलपणा झाकला जातो, जात नाही. त्या भेटीत एक्स-रे काढून, गरज असेल तर प्लास्टर नव्यानं घडवायला हवं.

दुसरी चूक म्हणजे हाड टिकावं म्हणून मनगट तळहाताकडे पार वाकवून आणि करंगळीकडे कलवून ठेवणं. एकेकाळी ही पद्धत चालत होती. त्यानं मनगटातल्या बोगद्यातली मीडियन नस चेमटते आणि बोटं आखडतात. हाड टिकवायला मनगट इतकं वाकवावं लागत असेल, तर ते फ्रॅक्चर प्लास्टरचं नव्हेच असं समजावं.

घरी काय बघायचं? अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत आहे, दुखणं वेदनाशामकांनी कमी होण्याऐवजी तासागणिक वाढतं आहे, कोणी बोटं सरळ केली की जीव जातो, नखं निळी-पांढरी पडली आहेत: यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. तिथे प्लास्टर आणि आतला कापूस दोन्ही त्वचेपर्यंत उघडायला हवेत. नुसतं प्लास्टर चिरलं आणि कापूस तसाच राहिला तर दाब फारसा उतरत नाही.

बोटांच्या सांध्यांवर प्लास्टर येता कामा नये. तळहाताची बोटांलगतची आडवी रेघ मोकळी हवी, म्हणजे मूठ पूर्ण वळते. पहिल्या दिवसापासून बोटं, कोपर आणि खांदा हलवत राहा. पण जोरात मूठ आवळू नका, चेंडू दाबू नका. मुठीत जेवढी ताकद लावाल, त्याच्या दुपटीहून जास्त भार मोडलेल्या जागेतून जातो.

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे. दुसऱ्या आठवड्याच्या एक्स-रेत हाड पाठीकडे १५ अंश कललं आणि ३ मिलिमीटर आखूड झालं. एक डॉक्टर म्हणतात पुन्हा बसवू, दुसरे म्हणतात प्लेट घालू, तिसरे म्हणतात राहू द्या. तिघांपैकी कोणाचं ऐकावं?

उत्तर : 'पुन्हा बसवू' हा पर्याय आम्हाला सर्वांत कमी पटतो. एकदा सरकलेलं हाड त्याच पद्धतीनं पुन्हा बसवलं तर ते पुन्हा सरकण्याची शक्यता मोठी असते, कारण आतली पोकळी तशीच आहे आणि आता चुराही वाढलेला आहे. पुन्हा बसवायचंच असेल तर सोबत धरून ठेवणारं काहीतरी हवं, तारा किंवा प्लेट.

उरले दोन पर्याय. इथे 'सरकलं का' हा प्रश्न मागे पडतो आणि 'या माणसाला त्यानं फरक पडेल का' हा पुढे येतो. ६५ वर्षांवरच्या रुग्णांत शस्त्रक्रियेमुळे दीर्घकाळात रुग्णांनी स्वतः सांगितलेला फायदा जास्त होतो असं दिसत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच म्हटलं आहे. एक्स-रे वाकडा आणि हात कामाचा, हे या वयात वारंवार दिसतं. मनगटाला थोडा बाक राहतो, अल्नाचं टोक वर उठून दिसतं, पकड काहीशी कमी होते. पण रोजची कामं होतात.

तरी 'राहू द्या' सरसकट बरोबर असं नाही. बाबा कुबडी किंवा वॉकरच्या आधारानं चालतात का? मग मनगटावर रोज भार येणार. हातानं बारीक किंवा जड काम करतात का? दुसरा हात कमजोर आहे का? मनगटाच्या हाडांची मांडणी वर सांगितलेल्या दोन रेघांच्या तपासणीत बिघडलेली दिसते का? यांतलं काही 'हो' असेल तर शस्त्रक्रियेकडे झुकावं. आणि निर्णय पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घ्यावा. नंतर कोवळं हाड भरायला लागतं आणि सरळ बसवण्याऐवजी कापून दुरुस्त करण्याची वेळ येते. ती शस्त्रक्रिया मोठी असते.

तारा की प्लेट? बंद पद्धतीनं, म्हणजे चिरा न देता, नीट बसणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षभरानं दोन्हींत फरक आढळला नाही. फार ठिसूळ हाडात मात्र तारांची पकड कमी असते आणि आखूडपण त्या नीट थोपवू शकत नाहीत. तिथे सांध्याच्या पृष्ठभागाखाली टेकणारे लॉकिंग स्क्रू (प्लेटमध्येच घट्ट बसणारे) असलेली प्लेट जास्त भरवशाची. प्लेट सांध्याच्या कडेपलीकडे पुढे बसली तर अंगठा वळवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तिच्यावर घासून तुटू शकते, हा तिचा खास धोका.

बसवल्यानंतर नुसतं प्लास्टर की सोबत तारा, याचीही तुलना ब्रिटनमध्येच झाली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतरच्या हाताच्या कामात फरक नव्हता, पण प्लास्टरच्या गटात साधारण आठांपैकी एकाला पहिल्या सहा आठवड्यांत हाड सरकल्यामुळे शस्त्रक्रिया लागली. आम्ही हे उलटीकडूनही वाचतो: नीट बसलेल्या, नीट घडवलेल्या प्लास्टरमध्ये आठांपैकी सात जणांची शस्त्रक्रिया टळली.

प्रश्न : हाडांची घनता मोजली तर हे फ्रॅक्चर सरकेल का ते कळेल का?

उत्तर : त्यासाठी घनता मोजण्यात अर्थ नाही. वय आणि चुरा यांनी ते आधीच सांगितलेलं असतं, आणि निर्णय अहवाल येण्याआधी घ्यावा लागतो. पण पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं असेल, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, तर घनता तपासायलाच हवी. पुढचं फ्रॅक्चर मणक्याचं किंवा खुब्याचं असू शकतं. प्लास्टर निघालं की हा विषय विसरला जातो, म्हणून प्लास्टर असतानाच तपासणीची तारीख घ्या.

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा. एका एक्स-रेत 'बकल फ्रॅक्चर' लिहिलं आणि साधी पट्टी बांधून घरी पाठवलं. त्याच्या मित्राला मात्र भूल देऊन हाड बसवावं लागलं. दोघांचं मनगटच मोडलं होतं ना?

उत्तर : बकल प्रकारात हाडाची एक बाजू नुसती फुगते, कवची तुटून वेगळी होत नाही. ते सरकत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत मऊ पट्टी आणि कडक स्प्लिंट यांत तीन दिवसांनंतरच्या वेदनेत फरक नव्हता. तीनेक आठवड्यांत मूल खेळायला लागतं, पुन्हा एक्स-रेची गरज नसते. फक्त ते खरंच बकल आहे ना, हे बघणाऱ्यानं दोन्ही एक्स-रेत खात्री करून घ्यायला हवं. दुसऱ्या बाजूची कवचीही तुटलेली असेल तर ते बकल नव्हे.

मित्राची मोड आरपार असणार. मुलांत हाड पुन्हा सरकण्याचे सर्वांत मोठे इशारे दोन: सुरुवातीला टोकं एकमेकांवरून पूर्ण निसटलेली असणं आणि बसवताना ती तंतोतंत न जुळणं. त्यात गोल नळीसारखं प्लास्टर पडलं की सरकणं जवळजवळ ठरलेलं. मुलांची जमेची बाजू म्हणजे वाढ. रेडियसची बहुतांश वाढ मनगटाकडच्या वाढीच्या पट्टीतून होते, त्यामुळे लहान वयात बराचसा बाक वर्षभरात आपोआप भरून निघतो. वाढ संपत आलेल्या मुलामुलींत ही सवलत नसते. मोड वाढीच्या पट्टीतूनच गेली असेल तर आठवडा उलटल्यावर ती पुन्हा ओढूनताणून बसवू नये. त्यानं पट्टीला इजा होऊन हाडाची वाढ थांबू शकते. थोडा बाक राहिलेला परवडतो.

प्रश्न : माझं फ्रॅक्चर मुळीच सरकलं नव्हतं, डॉक्टर 'स्थिर आहे' म्हणाले आणि तसंच जुळलंही. पण दीड महिन्यानंतर एके दिवशी अंगठा वर उचलता येईना. दुखलंही नाही. हे कशामुळे?

उत्तर : अंगठा मागे उचलणारी लांब कंडरा बहुधा तुटली आहे. गंमत म्हणजे हे न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये जास्त दिसतं. ही कंडरा मनगटाच्या पाठीवर रेडियसच्या एका छोट्या टेंगळाला, लिस्टरच्या उंचवट्याला, वळसा घालून एका अरुंद खोबणीतून जाते. हाड सरकलेलं नसलं की खोबणीवरचं आवरण शाबूत राहतं. आत साचलेलं रक्त आणि सूज कंडरेला दाबतात, तिचा रक्तपुरवठा तुटपुंजा होतो, वर खडबडीत हाडाचं घर्षण. काही आठवड्यांत ती झिजून तुटते, बहुतेकदा एखादं क्षुल्लक काम करताना.

तपासणी सोपी आहे. तळहात टेबलावर पालथा ठेवा आणि फक्त अंगठा छताकडे उचला. दुसऱ्या हाताइतका उचलला जात नसेल तर हाताच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांना दाखवा. तुटलेली टोकं झिजलेली असल्यामुळे ती थेट शिवली जात नाहीत. तर्जनी सरळ करणाऱ्या दोन कंडरा असतात, त्यांतली एक अंगठ्याला जोडतात. तर्जनीचं काम उरलेल्या एकीवर चालतं.